बोट ठेवता येईल तेवढंच

नोंदबाईंचा पहिला नियम असा होता की ‘वाटतं’ हा शब्द छत्रीबरोबर दाराबाहेर ठेवून यायचा. आत आल्यावर फक्त ‘दिसतं’. काय दिसतं ते सांगा, कुठे दिसतं तिथे बोट दाखवा, आणि बोट दाखवता येत नसेल तर तोंड मिटा. बाई संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवायच्या, म्हणून नोंदबाई. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, तेवढंच.

हा सगळा उपद्व्याप एका फुलदाणीमुळे सुरू झाला. तिसऱ्या दालनातल्या फुलदाणीच्या काठाचा टवका उडालेला सापडला, आणि तो कधी उडाला हे दालनं राखणाऱ्या आठ जणांपैकी एकालाही सांगता येईना. म्हणजे सांगितलं सगळ्यांनी; आठ जणांनी आठ तारखा सांगितल्या. किल्ल्या सांभाळणारे किल्लीमामा तर आधी म्हणाले, टवका मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहे, आणि चहा पिऊन आल्यावर म्हणाले, परवा एक बाई पिशवी घेऊन तिथून गेली, तिचंच काम. दिवसभर त्या फुलदाणीसमोर खुर्ची टाकून बसणारी माणसं, आणि तिच्याकडे कुणी बघितलेलंच नाही! नोंदबाईंनी कपाळाला हात लावला आणि फर्मान काढलं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तर दर सोमवारी दोन तास बघण्याची शिकवणी.

त्या आठ जणांत मास्तरीणबाई सगळ्यांत नवीन. मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. तिने उभ्या जन्मात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. तिचा नवरा टेलरमास्तर, म्हणून ती मास्तरीण. मास्तरांना जाऊन चार महिने झाले होते, नोकरी लागून तीन. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून मुलाने ओळखीतून लावून दिली होती. खुर्चीवर बसायचं आणि कुणी चित्राला हात लावायला गेलं तर ‘अहो, लांबून’ म्हणायचं. तिला हे काम जमलं, कारण त्यात जमवायला लागण्यासारखं काही नव्हतंच.

पहिल्या सोमवारी बाईंनी सगळ्यांना एका चित्रासमोर उभं केलं. चित्रात एक खोली, टेबल, टेबलावर वाटी, आणि खिडकीशी पाठमोरी उभी असलेली बाई.

“काय दिसतं?”

“वाट बघतेय बिचारी,” किल्लीमामा म्हणाले.

“कुणाची?”

“नवऱ्याची. अजून कुणाची बघणार?”

“नवरा कुठे आहे चित्रात? ठेवा बोट.”

मामांनी बोट पुढे केलं, चित्रासमोर हवेत एक गिरकी मारली आणि मुकाट्याने खिशात घातलं. सगळे हसले. बाई नाही हसल्या. त्या एकेकाला विचारत गेल्या. कुणाला ती बाई दुःखी वाटत होती, कुणाला खोली थंडगार वाटत होती, एकाला भूक लागल्यासारखं वाटत होतं, पण ते चित्रामुळे नव्हतं. शेवटी मास्तरीणबाईची पाळी आली.

“तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर आहे,” ती म्हणाली. “एकाच पायावर उभी आहे. उजेड खिडकीतून येतोय, पण वाटीची सावली खिडकीकडेच पडलीये. म्हणजे अजून कुठून तरी उजेड येतोय. ती खिडकी आपल्याला दाखवलेली नाही.”

मामांनी मान वाकडी करून वाटी बघितली.

“कुठे शिकलात हे?” नोंदबाईंनी विचारलं.

“नाही शिकले.”

आणि ते खरंच होतं. बाकीच्यांना चित्र बघितल्याबरोबर काहीबाही वाटायचं, आणि ते वाटणं मध्ये येऊन उभं राहायचं. तिच्या मध्ये काही येत नव्हतं. चार महिन्यांत तिला काही वाटलंच नव्हतं. मास्तर दुकानात कात्री हातात असताना खाली पडले, दवाखान्यात बारा दिवस होते, तेराव्या दिवशी गेले. लोक आले, रडले, गेले. ती रडली नाही. नणंद दारात उभी राहून, तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “दगड आहे दगड.” मास्तरीणबाईला त्याचं वाईटही वाटलं नाही. बरोबरच बोलतेय, एवढंच मनात आलं.

एकच वाक्य तेवढं आत जाऊन बसलं होतं, आणि ते मुलाचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात जे वाढत होतं ते आजकालचं नव्हे. सहा-आठ महिने तरी हाताची ताकद कमी होत गेली असणार, उजव्या हाताची. मुलगा डॉक्टरांकडून बाहेर आला, बाकावर तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, “आई, आठ महिने! तुला दिसलं नाही?”

तो पुन्हा कधी हे बोलला नाही. मुलगा तसा शहाणा. दर बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, येऊन जायचा, औषधं आणायचा, नळ गळत असला तर बघायचा. पण प्रश्न मागे ठेवून गेला होता. चहा करताना तो ओट्यावर असायचा. तिला दिसलं होतं का? तिला काही आठवत नव्हतं. मास्तर म्हणाले होते, डोळे थकले आता, कापाकापी कारागीर बघेल. ते तिने ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. बाकी आठ महिने कोऱ्या कागदासारखे होते. आणि खरी भीती ही होती की दिसायला काही होतं, अगदी समोर होतं, आणि एका घरात राहून तिने बघितलं नाही.

शिकवणी पुढे सरकली. बाईंनी छापील कागद दिले. कागदावर तीन रकाने: काय दिसतं, त्यावरून काय म्हणता येतं, काय म्हणता येत नाही. खाली एक ओळ: ‘पूर्वीची दुरुस्ती असल्यास, कोणाची’. मामांनी पहिले तीन आठवडे तिसऱ्या रकान्यात ‘पुष्कळ’ असं लिहून दिलं.

जुनी मोडतोड आणि नवी मोडतोड कशी ओळखायची ते बाईंनी शिकवलं. जुन्या चिरेत मळ बसलेला असतो, नवीची कड स्वच्छ असते. मग त्यांनी एक मातीचं भांडं टेबलावर ठेवलं. त्याचे दोन्ही कान कधीतरी निखळले होते आणि चिकटवलेले होते.

“दुरुस्ती नीट बघायची,” बाई म्हणाल्या. “वस्तू करणारा आपला हात लपवू शकतो. दुरुस्त करणारा घाईत असतो, त्याला नाही लपवता येत.”

मास्तरीणबाईने भांडं चारी बाजूंनी बघितलं. “दोन वेगळ्या माणसांनी चिकटवलेत,” ती म्हणाली. “या कानाचा डिंक बाहेर आलेला पुसून घेतलाय. त्या कानाचा तसाच ओघळलाय. पहिल्याला भांड्याची काळजी होती—”

“काळजी कुठे दिसते?”

“पहिल्याने पुसलं. दुसऱ्याने नाही पुसलं.”

“शाबास,” नोंदबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. मामा तर घड्याळ बघून वेळ लिहून घेणार होते.

त्याच दिवशी बाईंनी घरचा अभ्यास दिला. घरातली अशी एक वस्तू निवडायची की जी रोज हाताखालून जाते. अर्धा तास बघायची, कागद भरायचा आणि पुढच्या सोमवारी वस्तूसकट घेऊन यायचं.

बुधवारी मुलगा चारला येणार होता, मास्तरांचे कपडे न्यायला. गरजूंना वाटायचे असं आधीच ठरलं होतं, आणि दोनदा पुढे ढकललंही होतं. मास्तरीणबाईने सकाळीच कपाट उघडलं. एका दगडात दोन कामं होतील म्हणून तिने मास्तरांचा शर्ट अभ्यासाला घ्यायचा ठरवला. रोज हाताखालून गेलेली वस्तू, यात शंका नव्हती. सात शर्ट होते. आठवा दवाखान्याने दिलेल्या पिशवीत होता, चपला आणि चष्म्याबरोबर. ती पिशवी गाठ मारलेली होती तशीच कपाटाच्या तळाशी पडली होती.

जेवणाच्या टेबलावर तिने पहिला शर्ट पसरला आणि खिडकी पूर्ण उघडली. कागद काढला. ‘फिकट निळा, उभ्या रेघा,’ असं लिहिलं. कॉलरची घडी विरलेली. खिशाला पेनाचा डाग. मग डाव्या मनगटावरचं बटण बघितलं आणि थांबली.

बटण काजातून आलेलं नव्हतं. ते काजाच्या वरच शिवून टाकलेलं होतं, कायमचं. पट्टी उलटून बघितली तर आत टिचबटण. दाबलं की लागतं, ओढलं की उघडतं. वरून बघणाऱ्याला वाटावं की बटण लावलंय.

तिने उजवं मनगट बघितलं. तिथे काज-बटण नेहमीसारखं होतं. ती खुर्चीवर बसली आणि आपल्या स्वतःच्या बाहीवर करून बघितलं. डाव्या मनगटाचं बटण लावतो तो उजवा हात.

‘डाव्या मनगटाला टिचबटण,’ तिने पहिल्या रकान्यात लिहिलं. दुसऱ्या रकान्यात: ‘उजव्या हाताने बटण लागत नव्हतं.’ अक्षर चांगलं आलं होतं.

मग तिने सगळेच शर्ट काढले. शिकवणीतल्यासारखंच जुनं-नवं लावलं. ज्या टिचबटणांचा दोरा धुवून धुवून फिकट झाला होता ते शर्ट आधीचे, ज्यांचा दोरा अजून ताजा ते नंतरचे. पहिल्या दोन शर्टांना फक्त डावं मनगट. तिसऱ्यापासून पुढची सगळी बटणपट्टी. टाके पहिल्या शर्टावर मास्तरांचेच होते, बारीक, एकाला एक लागून. चौथ्यावर ते लांब झाले होते. पाचव्यावर वाकडे. सहाव्यावर टाक्यांचा कलच बदलला होता; आतापर्यंत एका बाजूला झुकणारे टाके दुसऱ्या बाजूला झुकत होते. तिने सहावा आणि पहिला शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. डाव्या हाताने शिवलं होतं. उजव्या हाताच्या माणसाने, साठीला टेकल्यावर, कुणाला न सांगता, डाव्या हाताने शिवायला शिकून घेतलं होतं.

हे सगळे शर्ट तिने मशीनमध्ये टाकले होते, काढले होते, वाळत घातले होते. इस्त्री मास्तर दुकानात स्वतः करायचे. वाळत घालताना ती शर्ट झटकायची, तेव्हा टिचबटणं एकमेकांवर वाजत असणार. ते तिला आठवत नव्हतं. तिने तेही लिहिलं.

सातवा शर्ट सहाव्यासारखाच, डाव्या हाताचा. मग तिने कपाटाच्या तळाची पिशवी काढली. गाठ सुटेना, तेव्हा कात्रीने कापली. आठवा शर्ट पांढरा होता, अर्ध्या बाहीचा, चारच बटणांचा, पडले त्या दिवशी अंगावर असलेला. वरची तीन टिचबटणं डाव्या हाताने कशीबशी शिवलेली. चौथ्याजवळ आल्यावर तिचा हात थांबला.

तिथले टाके मास्तरांचे नव्हते, उजव्या हाताचेही नाही आणि डाव्या हाताचेही नाही. जाड दुहेरी दोरा, गरागरा फिरवलेला, आणि मागे एकावर एक मारलेल्या तीन गाठी.

त्या तीन गाठी तिला ओळखू आल्या. लग्न झालं त्या वर्षी तिने मास्तरांच्या सदऱ्याला हौसेने एक बटण लावलं होतं. मास्तरांनी ते उजेडात धरून बघितलं होतं आणि म्हणाले होते, “बटण लावलंय की बैल बांधलाय?” आणि हसत हसत ब्लेडने उसवून पुन्हा लावलं होतं. तेव्हापासून घरचा कायदाच झाला. टेलरच्या घरात सुईला हात लावणार तो टेलरच. पुढे एकदोनदा तिने चोरून काही शिवलंच, तर दुसऱ्या दिवशी ते उसवून नीट केलेलं असायचं. एकतीस वर्षांत तिचा एकही टाका त्या घरात टिकला नव्हता.

मग हा कधीचा?

अर्धा तास बघायचं म्हणजे अर्धा तास. ती त्या तीन गाठींकडे बघत बसली, आणि हळूहळू एक दुपार आठवली. ती बहिणीशी फोनवर बोलत होती. भाचीच्या घराचा रंग कुठला, असलंच काहीतरी. मास्तर पांढरा शर्ट, एक टिचबटण, सुई आणि रीळ घेऊन आले आणि समोर धरलं. “एवढं एक लावून दे. दोरा पण ओव.” तिने फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून धरला. बहिणीला म्हणाली, “थांब गं, सूर्य पश्चिमेला उगवलाय, टेलरमास्तरांना माझं शिवण हवंय.” दोघी बहिणी खो खो हसल्या. मास्तरही हसले. तिने बोलत बोलत बटण लावलं, तीन गाठी मारल्या, दात लावून दोरा तोडला आणि शर्ट वर न बघताच परत दिला.

एकतीस वर्षं ज्याने तिला सुईला शिवू दिलं नाही, तो माणूस सुई तिच्या हातात देत होता. याहून मोठ्याने कुणी काय सांगायचं?

चारला मुलगा आला. टेबलभर शर्ट बघून तो दारातच थबकला. “आई, भरून ठेवणार होतीस ना?”

“बस,” ती म्हणाली. आणि तिने कागद वाचून दाखवला. शर्ट एक, डावं मनगट. शर्ट दोन. शर्ट तीन. बातम्या वाचाव्यात तसं, न थांबता. मुलगा एकेक शर्ट उचलून बघत होता. सहाव्याला तो खाली बसला. पांढरा शर्ट हातात आल्यावर, काहीतरी करायला हवं म्हणून असेल, तो टिचबटणं लावायला लागला. पहिलं लागलं. दुसरं, तिसरं. चौथं लागेना. त्याने पुन्हा दाबलं, मग उलटून बघितलं.

“हे उलटं शिवलंय. खुंटी कापडाकडे आहे. हे कधीच लागलं नसणार.”

“ते मी लावलंय,” ती म्हणाली.

तिने त्याला ती दुपार सांगितली. फोन, भाचीच्या घराचा रंग, सूर्य पश्चिमेला. काही वगळलं नाही. “तू विचारलं होतंस ना, दिसलं नाही का म्हणून. नाही दिसलं. हातात होतं आणि नाही दिसलं.”

मुलगा बराच वेळ चौथं टिचबटण अंगठ्याने चोळत राहिला. मग म्हणाला, “तेव्हा मी रविवारी यायचो. दर वेळी निघालो की बाबा पाठीवर थोपटायचे. शेवटी शेवटी डाव्या हाताने. मला वाटायचं, उजव्या हातात काहीतरी धरलंय. आई, काहीच धरलेलं नसायचं.”

मुलाने सहा शर्ट पिशवीत भरले, मग पुन्हा बाहेर काढले, आणि हे सगळं पुढच्या बुधवारी बघू म्हणून रिकामी पिशवी घेऊन गेला. जाताना त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो कुठला ते बघितलं. उजवा होता.

सोमवारी मामांनी घरून चहाची गाळणी आणली होती आणि ‘पुष्कळ भोकं दिसतात’ असं लिहिलं होतं. त्यांच्यानंतर मास्तरीणबाई. तिने पांढरा शर्ट टेबलावर पसरला आणि कागद बाईंपुढे ठेवला. नोंदबाईंनी चष्मा लावून पहिला रकाना वाचला, दुसरा वाचला, शर्टाशी ताडून बघितला. मग सगळ्यांत खालच्या ओळीवर आल्या. तिथे लिहिलं होतं: ‘पूर्वीची दुरुस्ती: तीन ठिकाणी मालकाची. एका ठिकाणी बायकोची, न बघता केलेली.’

सवयीने बाईंच्या तोंडून गेलं, “न बघता कशावरून? ठेवा बोट.”

मास्तरीणबाईने चौथ्या टिचबटणावर बोट ठेवलं. बाईंनी वाकून बघितलं. खुंटी कापडाकडे. त्यांनी दोन्ही बाजू धरून एकदा दाबून बघितलं, ते लागलं नाही. मामांनी गाळणी हळूच पाठीमागे घेतली.

नोंदबाईंनी चष्मा काढला. त्यांचा स्वतःचा नियम त्यांनी त्या दिवशी स्वतःच मोडला. “मास्तरीणबाई,” त्या म्हणाल्या, “काय वाटतं?”

तिचं बोट अजून तिथेच होतं. इतके महिने आत जिथे काही नव्हतं तिथे तिने बघितलं, आणि तिथे काहीतरी होतं. ते दुःख असेल अशी तिची अपेक्षा होती, पण ते दुःख नव्हतं.

“राग येतो,” ती म्हणाली. “त्यांचा. एकतीस वर्षं माझा प्रत्येक टाका उसवला या माणसाने. आणि हा एवढा वाकडा, उलटा, न लागणारा, हाच का ठेवला? हा का नाही उसवला?”

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. किल्लीमामांनी तिच्या दालनातली खुर्ची उचलून आणली आणि ती बसली.